लाखेचा हात

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या काठांवरून सुरत शहरात शिरले आणि शहराचा बहुतेक भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. त्या पुरावर पुष्कळ लिहिले गेले. धरणातले पाणी केव्हा सोडायला हवे होते, यावर वाद झाले, हानीचे आकडे निघाले. घराघरांतल्या लाकडाचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. नानपुरा, अठवा, अडाजण, रांदेर या भागांतल्या आपल्या जुन्या मराठी घरांत तळमजल्यावर सागवानी कपाटे होती, देवदारी मांडण्या होत्या, पाट, चौरंग, पेट्या आणि देव्हारे होते. पाणी ओसरल्यावर ती सारी बाहेर काढली गेली, चिखल धुतला गेला, थोडे ऊन दाखवले गेले आणि दिवाळीच्या आत बहुतेकांवर तेलरंगाचे दोन हात चढले. पुढच्या काही महिन्यांत त्या नव्या रंगातून जुने डाग वर आले. कुठे चहासारखी तपकिरी ओघळ, कुठे खिळ्याभोवती काळे वर्तुळ, कुठे तेलकट पिवळी झाक. पुन्हा रंग दिला, डाग पुन्हा आले. शेवटी ‘लाकूडच सडले’ असा निर्णय झाला आणि तीन पिढ्यांची कपाटे जुन्या बाजारात कवडीमोलाने गेली.

त्यांतली पुष्कळशी लाकडे सडलेली नव्हती. डाग आणि रंग यांच्यामध्ये जो एक पातळ पडदा हवा होता तो कुणी घातला नव्हता, एवढेच. हा पडदा लाखेचा असतो. ज्या शहरातून एके काळी लाख पेट्या भरभरून जगभर जात होती, त्याच शहरातल्या घरांना लाखेच्या एका हाताची आठवण राहू नये, ही गोष्ट आम्हांला इतिहासाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी वाटते.

सुरतेचा व्यापार म्हटला की जर, किनखाब, नीळ, मोती आणि हजच्या यात्रेकरूंची जहाजे डोळ्यांपुढे येतात. लाख यादीच्या शेवटी, ‘इतर जिन्नस’ या सदरात पडते. वस्तुतः युरोपीय प्रवाशांचे या पदार्थाकडे फार लवकर लक्ष गेले होते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात लाखेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि तिची उत्पत्ती मुंग्यांकडे लावली आहे. त्याच्यानंतर वीस वर्षांनी गोव्यास आलेला डच लिन्स्खोतेन आपल्या १५९६ च्या ग्रंथात सांगतो की, इकडचे कारागीर लाखेत रंग मिसळून तिच्या कांड्या करतात, चरकावर फिरणाऱ्या लाकडाला ती कांडी लावतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. पलंग आणि खुर्च्या अशाच रंगवल्या जातात. त्याच सुमारास अबुल फझल ‘ऐन-इ-अकबरी’त चिकांच्या पडद्यांना द्यायच्या लाखेचे प्रमाण नोंदवतो: तांबडा रंग हवा तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळा हवा तर तेवढ्याच लाखेला एक शेर हरताळ. बादशाही कारखान्याचा हा हिशेब वाचताना आम्हांला आजच्या रंगाच्या डब्यावरचा कागद आठवतो.

सुरतेचे नाव या कथेत ठळकपणे येते ते फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याच्या लेखनात. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. तो म्हणतो की, रंग काढून घेतल्यावर उरलेली लाख साफ करून पोट भरणारे कितीतरी जण सुरतेत आहेत. तिला हवा तो रंग देऊन ते मोहरेच्या लाखेसारख्या कांड्या करतात आणि इंग्रज व डच कंपन्या दरवर्षी दीडशे पेट्या नेतात. या वाक्यातला ‘रंग काढून घेतल्यावर’ हा भाग महत्त्वाचा आहे. त्या काळी लाखेचे मोल तिच्या तांबड्या रंगासाठी होते. छिटांना आणि रेशमाला तो लागे. राळ ही उरलेली वस्तू. उरलेल्या वस्तूवर गरिबांनी उपजीविका करावी आणि परदेशी कंपन्यांनी ती स्वस्तात उचलावी, ही सुरतेच्या बाजाराची रीत तेव्हाही होती.

ताव्हर्निएचे पुस्तक निघाले तेव्हा शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या ताज्या होत्या. आपल्याला सुरतेत कुणी ‘तुम्ही मराठी, तुमच्या लोकांनी आमचे गाव लुटले’ असे हसत म्हटले की आपण सुद्धा हसतो आणि विषय बदलतो. तीनशे-साडेतीनशे वर्षांत ही थट्टा जुनी झाली नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून सुरत भेटते ती लुटीच्या दोन तारखांपुरती. त्या तारखांच्या मधल्या दिवसांत हे शहर काय करीत होते, कोणत्या बोळात कोण लाख धूत बसले होते, हे आपण पुढे या शहराचेच झालो तरी विचारले नाही.

मराठी भाषेला मात्र लाख चांगली ओळखीची आहे. बंद पत्राला आपण ‘लाखोटा’ म्हणतो तो लाखेच्या मोहरेवरूनच. पत्र दुमडायचे, तोंडावर वितळलेली लाख टाकायची, वर शिक्का उमटवायचा. मग आतले बाहेर येत नाही आणि कुणी फोडले तर कळल्याशिवाय राहत नाही. पायाला लावायचा अळता लाखेचा. पांडवांचे लाक्षागृह लाखेचे, आणि ती किती झटकन पेट घेते याचा तो दाखलाच. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे, त्यात ती जखमा भरून काढणारी वनस्पती म्हणून आळवली आहे. ती वनस्पती नसून पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या एका सूक्ष्म किड्याच्या अंगातून पाझरणारी राळ आहे, हे नंतर कळले. असो.

झाडावरची लाख आणि सुताराच्या बरणीतला चपडा यांच्यामध्ये पुष्कळ मजुरी आहे. फांद्यांवरून खरवडलेली लाख कुटतात, पाण्यात तुडवून धुतात. तांबडा रंग पाण्याबरोबर निघून जातो आणि दाणे उरतात. वाळलेले दाणे लांबच लांब, नळीसारख्या कापडी पिशवीत भरतात. पिशवी कोळशाच्या भट्टीपुढे धरून एका टोकाने पीळ देत जायचे. लाख वितळून कापडातून घामासारखी बाहेर येते. ती गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरवायची, आणि मग तो मऊ पापुद्रा एक कारागीर हातांनी, पायाच्या बोटांनी आणि दातांनी धरून ताणतो, इतका की त्यातून उजेड दिसावा. गार झाल्यावर पापुद्रा मोडला की झाला चपडा. एकोणिसाव्या शतकात या कामाचे मोठे केंद्र मिर्झापूर होते. सुरतेचे बंदर तोवर मुंबईपुढे मागे पडले होते. १८३७ साली तर एप्रिलच्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे गेली आणि त्याच वर्षी तापीचा पूर आला. ज्या शहराने लाख धुऊन विकली, त्याला ती आता बाहेरून विकत आणावी लागू लागली.

लाकडाला लाख लावण्याच्या दोन रीती आहेत आणि आपल्या भागात दोन्ही शेजारी शेजारी नांदल्या. एक कोरडी, लिन्स्खोतेनने सांगितलेली. बडोद्यापलीकडे ओरसंग नदीकाठच्या संखेडा गावात खरादी कारागीर आजही तीच चालवतात. कलईच्या चकाकीवर नारिंगी लाख चढली की सोन्याचा भास होतो. गुजरातेत वाढलेल्या मराठी मुलीच्या लग्नात संखेड्याचा पाळणा किंवा खुर्च्यांची जोडी येई, ती याच मालातली. तिकडे सावंतवाडीच्या गंजिफांवर आणि खेळण्यांवरही लाखेचाच हात असतो. दुसरी रीत ओली: चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने किंवा कुंचल्याने लावायचा. ही युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुजली आणि ‘फ्रेंच पॉलिश’ या नावाने परत आपल्याकडे आली. पारशी हवेल्यांतल्या शिसवी कोचांना ती शोभली. आपली मंडळी बहुतांशी नोकरदार. नवसारीच्या गायकवाडी कचेरीतून, रेल्वेतून, शाळांतून आलेली. त्यांच्या घरी एखादी सागवानी वस्तू सोडली तर बाकीचे लाकूड मिश्र, देवदारी खोक्यांच्या फळ्यांचेही असे, आणि त्यावर तेलरंग बसे. पॉलिश हे सधनांचे, रंग हा पगारदारांचा, अशी आमची समजूत आहे; आणि याच कारणाने लाखेचे दुसरे, दिसण्यात न येणारे काम आपल्या घरांना अधिक लागत असे.

ते काम रंगाच्या खालचे. लाकडात पाण्यात विरघळणारे कषाय द्रव्य असते, गाठींत राळ असते, सागात तेल असते. वापराने त्यात धूर, तूप, मेण, शाई आणि पुराचे पाणी यांची भर पडते. या लाकडावर पाण्यातला रंग दिला तर पाण्यात विरघळणारे डाग उचलले जातात. टर्पेंटाईनमधला दिला तर तेलकट आणि राळेचे डाग उचलले जातात. रंग वाळेपर्यंत डाग त्याच्याबरोबर वर येऊन बसलेला असतो. म्हणून कितीही हात द्या, तो फुटून येतच राहतो. लाख वाळली की पाण्यात, तेलात वा टर्पेंटाईनमध्ये विरघळत नाही. स्पिरिटमध्ये आणि क्षारात तेवढी विरघळते. स्पिरिट काही मिनिटांत उडून जाते, खालच्या डागाला हलायला वेळच मिळत नाही, आणि वरून येणारा तेलरंग लाखेला स्पर्श करूनही तिला सैल करू शकत नाही. इंग्रज रंगारी गाठींवर लाखेचा हात देत, त्या मिश्रणाला ते ‘नॉटिंग’ म्हणजे गाठींचे औषध असेच म्हणत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम झिन्सर याने १८४९ साली लाखेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचे लाखेचे पांढरे अस्तर डाग दाबण्यासाठी अमेरिकेत आजही डब्यांतून विकले जाते. दीडशे पेट्यांचा तो माल आता असा डब्यात बसला आहे.

जुने मिस्त्री हे काम कसे करीत, ते सांगणे या ठिकाणी अवांतर होणार नाही. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवायचा. लोखंडी डब्यात लाख काळवंडते. सकाळी मलमलीतून गाळायचा. चपड्यात मूळचे थोडे मेण असते, ते तळाशी बसते; वर पाण्यातला रंग द्यायचा असेल तर वरचे स्वच्छ द्रावण तेवढे ओतून घ्यावे, कारण मेणावर तो रंग नीट धरत नाही. लाकूड आधी पूर्ण वाळलेले हवे. २००६ च्या घाईत हेच चुकले. चार दिवस भिजलेले सागाचे फळकूट चार दिवसांत वाळत नाही, आणि ओलावा आत कोंडून वर लाख दिली तर ती फोड धरते. खिळ्याभोवतीचे काळे डाग लोखंड आणि कषाय द्रव्य यांच्या संयोगाचे असतात. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने पुष्कळसे जातात. त्या पाण्याने काम झाल्यावर लाकूड स्वच्छ धुऊन पुन्हा वाळवावे लागते, आणि ते विषारी असल्याने हात जपावे लागतात. मग लाखेचे दोन पातळ हात, मध्ये तासाभराचे अंतर, वरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा आणि नंतर लांबी व रंग. पावसाळ्यात हे काम करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लाख पांढरी पडते. तयार द्रावणही वर्षभर ठेवून वापरू नये. जुने झालेले कडक वाळत नाही, बोटाला चिकटत राहते.

एका जागी लाखेचीही परीक्षा होते, आणि ती जागा नेमकी आपल्या घरातली आहे. देव्हारा. पन्नास-साठ वर्षांच्या देव्हाऱ्यात तेल, काजळी, कापूर, हळद आणि कुंकू लाकडात मुरलेले असते. तेल आणि काजळी लाखेपुढे हार मानतात. हळदीचा रंग मात्र पाण्यात फारसा सुटत नाही, तो स्पिरिटमध्ये सुटतो. कुंकवात हळद असल्याने तेही तसेच. कुंचला दोनदा-तीनदा त्याच जागी फिरला की पिवळा-तांबडा रंग लाखेतच पसरतो आणि पांढऱ्या रंगाखालून गुलाबी झाक दिसू लागते. जाणता कारागीर आधी नुसत्या स्पिरिटच्या फडक्याने जेवढे निघेल तेवढे टिपून घेतो, मग पहिला हात अगदी पातळ, एका ओढीत देतो आणि तो पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावत नाही. पहिल्या हातात थोडी झाक आलीच तर दुसरा हात तिला बंद करतो. निव्वळ पुस्तकी ज्ञानाने हे जमत नाही. अनेक देव्हारे पाहिलेल्या माणसाला जमते, आणि असे कारागीर आता सुरतेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत.

ते कमी का झाले, याची कारणे शोधताना बहुतेक जण नव्या रसायनांकडे बोट दाखवतात. इनॅमल आले, मेलामाईन आले, फवारणीचे यंत्र आले, प्लायवूडवर सनमायका आला. हे सगळे खरे आहे. आमच्या मते गुजरातेत आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकात आहे. सुरत तेव्हा मुंबई राज्यात होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात विकृत स्पिरिटपासून केलेल्या पदार्थांची व्याख्या आहे आणि तिच्यात लॅकर, फ्रेंच पॉलिश व वार्निश यांची नावे घेतलेली आहेत. कायदा करणाऱ्यांना पॉलिशची भीती वाटावी याचे कारण उघड होते: लोक ते पीत असत. असल्या स्पिरिटमध्ये मिसळलेले मिथेनॉल डोळे घेते आणि जीवही घेते. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली, त्या दारूतही मिथेनॉलच होते. १९६० साली गुजरात वेगळे झाले तेव्हा दारूबंदी त्याच्याबरोबर आली आणि आजही आहे. बंदीचा हेतू आम्ही नाकारत नाही. पण ज्याच्या धंद्याचा निम्मा माल स्पिरिट, त्या बोळातल्या पॉलिशवाल्याला परवाने, तपासण्या आणि संशय यांतून वाट काढावी लागे. शेजारच्या दुकानात इनॅमलचा डबा काही न विचारता मिळे. हिशेब करणारा माणूस डब्याकडेच वळणार. एकेक करून बरण्या रिकाम्या झाल्या आणि रंगाखाली लाखेचा हात देण्याची सवय, कुणी ठरवून न सोडताही, सुटली.

लाखेच्या शास्त्राची आबाळ झाली असे मात्र म्हणता येत नाही. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाख संशोधन संस्था निघाली. ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या होत्या तो काळ तिने पाहिला, तबकड्या दुसऱ्या द्रव्याच्या होऊ लागल्या तोही पाहिला. २००७ साली तिच्या नावात इतर राळा आणि डिंक आले, २०२२ साली नाव पुन्हा बदलले आणि त्यातून लाख दिसेनाशी झाली. फळांवरचा आणि औषधी गोळ्यांवरचा लेप म्हणून मात्र लाख रोज आपल्या पोटात जात असते.

आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या माडीवर वा गच्चीच्या खोलीत पुरातले एखादे डागाळलेले कपाट अजून पडून असेल, त्यांनी ते विकण्यापूर्वी एवढे करावे: टोच्याने पायाशी आणि सांध्यांशी टोचून पाहावे. टोच्या मऊ शिरला तर लाकूड गेले. खण्णकन थांबला तर ते ठणठणीत आहे, आणि दिसतो तो नुसता डाग. सागाचे असेल तर जुना रंग उतरवून त्याला रंग देऊच नये, असे आम्ही म्हणू. डांगच्या जंगलातला तसला साग आता मिळत नाही. देवदारी किंवा मिश्र लाकडाचे असेल तर गाठींवर आणि डागांवर लाख देऊन खुशाल रंगवावे. काही घरांनी कपाट बाहेरून रंगवले आहे आणि आत, फळ्यांवर उमटलेली पुराच्या पाण्याची आडवी रेघ तशीच ठेवली आहे. तिच्यावर बिनरंगाच्या लाखेचा एक हात दिलेला आहे, त्यामुळे ओल्या फडक्याने आतून पुसले तरी ती जात नाही.